पुढच्या गणपतीपर्यंत चालायला हवा असलेला लॅपटॉप

आमच्याकडे चाकरमानी गावाला पोचला की आधी त्याच्या बॅगेतून पेढे निघतात आणि मग वाडीतली सगळी बिघडलेली यंत्रं हळूहळू त्याच्यासमोर यायला लागतात. मखराच्या लायटिंगच्या माळा, सेट टॉप बॉक्स, पासवर्ड विसरलेला कोणाचा तरी फोन, हे दरवर्षीचं. २०२५च्या गणपतीत (चतुर्थी २७ ऑगस्टला होती) ह्यात एक नवीन भर पडली, ज्याच्या त्याच्या लॅपटॉपवर एक मोठा मेसेज येत होता की १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १०चा सपोर्ट बंद, आणि खाली बारीक अक्षरात की तुमचा पीसी विंडोज ११साठी पात्र नाही. काकांनी तर तो मेसेज बघून लॅपटॉप बंद करून कपाटात ठेवून दिला होता, त्यांना वाटलं त्या तारखेला तो आपोआप बंद पडणार.

तसं काही होत नाही, हे आधी सांगतो, कारण हा गैरसमज मी गावात बऱ्याच जणांकडून ऐकला. सपोर्ट संपला म्हणजे मशीन चालूच राहतं, फक्त दर महिन्याला जे सिक्युरिटी अपडेट फुकट येत होते ते येणं बंद होतं. नुसती गाणी ऐकायला लॅपटॉप असेल तर कदाचित चाललं असतं पण काकांचा होमस्टे आहे, कुणकेश्वरच्या अलीकडे, बुकिंगचे मेल, नेट बँकिंग, एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्यांचे हिशेब सगळं त्याच्यावर, आणि पाहुणे लोक पेनड्राइव्ह आणून "काका जरा तिकिटाची प्रिंट काढून द्या" म्हणतात ते वेगळंच. असल्या मशीनला अपडेट नाही म्हणजे दार उघडं टाकून आंबे उतरवायला जाण्यासारखं आहे.

आता "पात्र नाही" म्हणजे नक्की काय ते बघू. विंडोज ११ आलं ५ ऑक्टोबर २०२१ला आणि त्याला लागतं काय तर टीपीएम २.० (मदरबोर्डवरचा चिप किंवा प्रोसेसरमधलीच सोय, ज्यात एन्क्रिप्शनच्या चाव्या राहतात), सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय), चार जीबी रॅम, ६४ जीबी जागा, हे सगळं एकवेळ ठीक आहे. खरी मेख आहे प्रोसेसरच्या यादीत. इंटेलचं म्हणाल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचे यादीत, त्याआधीचे बाहेर. सातव्या जनरेशनचा एक आय७ मात्र यादीत आहे, जो मायक्रोसॉफ्टच्याच सरफेस स्टुडिओ २मध्ये बसवलेला होता. ह्यावर मी काही बोलत नाही, तुमचं तुम्ही समजून घ्या.

काकांचा लॅपटॉप पाचव्या जनरेशनचा आय३, ५००५यू. दोन कोअर, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची फिरणारी हार्ड डिस्क. घेतला तेव्हा विंडोज ८.१ होतं, मग २०१५मध्ये विंडोज १० फुकट मिळालं तसं चढवलं, आणि तेव्हापासून तेच. म्हणजे यादीत बसायचा प्रश्नच नव्हता.

पण यादीत नाही म्हणून विंडोज ११ चढत नाही असंही नाहीये. चढतं. रुफस नावाचं एक छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात विंडोज ११ची आयएसओ फाइल (अख्खी सिस्टीम एका फाइलीत) देऊन पेनड्राइव्ह बनवायला घेतला की ते स्वतःच एक खिडकी उघडून विचारतं, रॅम, सिक्युअर बूट आणि टीपीएमची अट काढून टाकू का, मायक्रोसॉफ्ट अकाउंटची सक्ती काढू का. टिक करायचं, झालं. यूट्यूबवर ह्याच्यावर असंख्य व्हिडिओ आहेत आणि बहुतेक सगळे "इन्स्टॉल झालं, बघा!" इथे संपतात. माझा वाद तिथेच आहे. इन्स्टॉल होणं हा प्रश्नच नव्हता, नंतर काय हा प्रश्न आहे.

कारण अशा यादीबाहेरच्या मशीनवर महिन्याचे अपडेट येत राहतात असा लोकांचा अनुभव आहे, पण मायक्रोसॉफ्टने लिहूनच ठेवलंय की अशा मशीनला अपडेटचा हक्क नाही, दिले तर दिले. आणि वर्षातून एकदा जी नवीन आवृत्ती येते, २४एच२, २५एच२ वगैरे, ती ह्या मशीनला सहसा आपणहून येत नाही, कोणीतरी परत पेनड्राइव्ह बनवून हाताने चढवावी लागते. होम आणि प्रो एडिशनच्या एका आवृत्तीला दोन वर्षं अपडेट मिळतात, मग तीही संपते. मुंबईत बसलेल्या माणसाला ह्यात काही विशेष नाही, रविवारी दुपारी करून टाकेल. पण गावातल्या लॅपटॉपला हात लावणारा माणूस वर्षातून दोनदा येतो, गणपतीत आणि शिमग्याला, त्यातही शिमग्याला पालखी नाचवायची की लॅपटॉप उघडायचा. काकांनी हा मुद्दा एका वाक्यात मांडला, "तू मुंबैक गेल्यार ह्यो बंद पडलो तर मी कोणाक इचारू?"

तर माझी कसोटी तीच ठरली. जे काही टाकायचं ते पुढच्या गणपतीपर्यंत कोणी हात न लावता चाललं पाहिजे, अपडेट आपले आपण घेतले पाहिजेत, आणि बिघडलंच तर फोनवरून सांगून मागे नेता आलं पाहिजे. दिसायला कसं आहे, नवीन फीचर काय, ह्या गोष्टी दुय्यम.

ह्या कसोटीवर एक मधला मार्गही होता, विंडोज १० तसंच ठेवून मायक्रोसॉफ्टची एक वर्षाची वाढीव सिक्युरिटी घ्यायची. तीस डॉलर भरून, किंवा त्यांच्या अकाउंटवर सेटिंगचा बॅकअप चालू केला तर फुकट, किंवा रिवॉर्डचे हजार पॉइंट असतील तर त्यात. ही मिळते १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. वाईट पर्याय नाही, ज्यांना नुसता वेळ काढायचाय त्यांनी जरूर घ्यावा. पण २०२६ची चतुर्थी १४ सप्टेंबरला, म्हणजे पुढच्या गणपतीत मी आलो की परत हाच प्रश्न, आणि तेव्हा घाईत. गुगलचं क्रोमओएस फ्लेक्स (जुन्या लॅपटॉपवर चढणारी त्यांची सिस्टीम) पण डोक्यात आलं होतं, ते लगेच बाद केलं, त्याची सगळी मजा नेट असताना, आणि आमच्याकडे पावसात केबल तुटली की मोबाइलला रेंज बघायला सड्यावर जावं लागतं.

राहिलं लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम. मी स्वतः ऑफिसात उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) वापरतो त्यामुळे मला भीती नव्हती, पण काकांवर आपली आवड लादायची नाही एवढं ठरवलं होतं. म्हणून आधी त्यांच्याशेजारी बसून ते लॅपटॉपवर नेमकं काय करतात ते बघितलं. क्रोम उघडतात. व्हॉट्सॲप वेब, जीमेल, बँक, ऑनलाइन सातबारा. एक्सेलच्या फाइली, त्यात बेरजांच्या पलीकडे काही नाही. प्रिंट. काकी बचत गटाचं इतिवृत्त वर्डमध्ये मराठीत टाइप करते. टॅली नाही, ते कणकवलीला सीएकडे होतं. डिजिटल सिग्नेचरचा डोंगल नाही. म्हणजे फक्त विंडोजवरच चालेल असं एकही काम नाही. टॅली किंवा सहीचा डोंगल घरात असता तर मी लिनक्सचं नावही काढलं नसतं, हे स्पष्ट सांगतो.

निवडलं लिनक्स मिंट, एक्सएफसीई वालं, म्हणजे हलक्या डेस्कटॉपचं. २२ची मालिका उबुंटू २४.०४वर उभी आहे आणि तिला २०२९पर्यंत अपडेट आहेत, आणि ह्यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे २२.१ असो की २२.२, मधली आवृत्ती बदलली नाही तरी सिक्युरिटी अपडेट २०२९पर्यंत येतच राहतात. नवीन हवी असेल तर अपडेट मॅनेजरच्या मेनूतून घ्या, नको असेल तर नका घेऊ. जिथे माणूस वर्षाने एकदा येतो तिथे हे "नका घेऊ" फार मोलाचं आहे.

निघायच्या आधी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून दोन वस्तू उचलल्या होत्या, २५६ जीबीची साटा एसएसडी (फिरणारा भाग नसलेली वेगवान डिस्क), दोन हजारांच्या आसपास, आणि चार जीबीची डीडीआर३एल रॅम. ह्या "एल"कडे लक्ष द्या, लो व्होल्टेज, १.३५ व्होल्टवाली. पाचव्या जनरेशनच्या ह्या लॅपटॉपला तीच लागते, दुकानदार साधी डीडीआर३ पुढे करतात कारण ती जास्त पडून असते. पेनड्राइव्ह पण मुंबईतच बनवून घेतला. मिंटची आयएसओ तीन जीबीच्या जरा आत आहे, गावातल्या नेटवर ती डाउनलोड करत बसलात तर विसर्जन होईल. डाउनलोड झाल्यावर चेकसम (फाइल नीट उतरली का ते सांगणारा आकडा) जुळवून बघा, कंटाळा करू नका, अर्धवट उतरलेल्या फाइलने इन्स्टॉल भलत्याच ठिकाणी अडकतं आणि मग वाटतं लॅपटॉपच खराब.

लॅपटॉप उघडायला घेतला तेव्हा खरा वेळ गेला. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि खाऱ्या वाऱ्यात दहा वर्षं काढलेले खालचे स्क्रू असे गंजले होते की खाच दिसतच नव्हती. जोर केला की स्क्रूड्रायव्हर घसरतो आणि खाच आणखी पुसते. काकांनी माडाच्या तेलाची बाटली आणली, मी म्हटलं ह्याने गंज सुटणार नाही, मग शिलाई मशीनचं तेल मिळालं, प्रत्येक स्क्रूवर एक थेंब सोडला आणि तसाच ठेवून आरतीला गेलो. परत येऊन बघतो तर एक सोडून सगळे सुटले, तो एक तसाच ठेवला आणि कव्हर त्याच्याभोवती जरा तिरकं करून आतलं काम उरकलं. आत पंख्याच्या जाळीवर धुळीचा चक्क नमदा जमलेला, त्याच्यात बारीक लाल मुंग्या मेलेल्या. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर काळसर थर होता, तो शाळेतल्या खोडरबराने हलक्या हाताने पुसला, नंतर कोरड्या फडक्याने. कोकणात जुना लॅपटॉप "अचानक" चालू होत नाही तेव्हा बऱ्याचदा एवढंच झालेलं असतं, सॉफ्टवेअरला शिव्या देण्याआधी रॅम काढून पुसून परत बसवून बघावी.

जुनी हार्ड डिस्क मी फॉरमॅट केली नाही. एसएसडी नवीन, त्यामुळे जुनी डिस्क विंडोज आणि फाइलींसकट जशीच्या तशी बाहेर काढून यूएसबीच्या केसमध्ये घातली. ह्यामुळे दोन गोष्टी होतात, डेटा जायची भीतीच उरत नाही, आणि काकांना नवीन सिस्टीम नाहीच पटली तर डिस्क परत आत घातली की पहिल्यासारखं. काका हे ऐकून जरा सैल झाले, तोपर्यंत ते माझ्या मागे उभे राहून नुसते हातांकडे बघत होते. एक बारीक गोष्ट, डिस्क काढायच्या आधी विंडोज शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा. नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि लिनक्स ती डिस्क नुसती वाचू देतं, लिहू देत नाही.

पेनड्राइव्हवरून मिंट चालू केलं की ते इन्स्टॉल न करताच पूर्ण डेस्कटॉप देतं, ह्याला लाइव्ह सेशन म्हणतात. बटण लॅपटॉपप्रमाणे वेगळं असतं, एफ२, एफ९, एफ१२, एस्केप, ह्यातलं कुठलंतरी लागतं. इथे घाई न करता आवाज, टचपॅड, ब्राइटनेस, कॅमेरा, प्रिंटर सगळं बघून घ्यावं, इन्स्टॉलचं बटण कुठे पळून जात नाही. आमच्या लॅपटॉपला दोन गोष्टी अडल्या. पहिली म्हणजे तारीख, मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेलेला होता त्यामुळे घड्याळ कित्येक वर्षं मागे, आणि तारीख चुकीची असली की ब्राउझर एकही सुरक्षित साइट उघडत नाही, सर्टिफिकेट चुकीचं आहे म्हणतो. लोक समजतात नेट खराब. सेल देवगडच्या बाजारात घड्याळवाल्याकडे मिळाला.

दुसरी वायफाय. यादीत एकही नेटवर्क दिसेना. ज्या कंपनीचा वायफाय चिप आत होता तिचा ड्रायव्हर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर) खुला नाही, त्यामुळे तो मिंट आपोआप लावत नाही, ड्रायव्हर मॅनेजरमध्ये जाऊन मागावा लागतो आणि तो मागायला नेट लागतं. आता वायफायचा ड्रायव्हर उतरवायला वायफाय हवं, ह्या चक्रात बरेच जण लिनक्स सोडून देतात. उपाय सोपा आहे, अँड्रॉइड फोन केबलने जोडायचा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायचं. लिनक्सला तो फोन सरळ वायरचं नेटवर्क म्हणून दिसतो, काही टाकावं लागत नाही. अजिबातच रेंज नसेल तर ड्रायव्हर मॅनेजर इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह लावायला सांगतो, त्याच्यातही हा ड्रायव्हर असतो. इन्स्टॉल झाल्यावर ड्रायव्हर लावला, रीस्टार्ट, वायफाय चालू. सिक्युअर बूट चालू असेल तर मध्ये एक पासवर्ड ठरवायला लावतात आणि रीस्टार्टनंतर निळ्या स्क्रीनवर परत विचारतात, तिथे घाबरून एंटर मारत सुटू नका.

इन्स्टॉल स्वतः काहीच नव्हतं. भाषा, कीबोर्ड, पूर्ण डिस्क पुसा, नाव, पासवर्ड, आणि मल्टिमीडिया कोडेकची (गाणी-व्हिडिओ चालायला लागतात ते) टिक. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच गेलेली, चार्जर काढला की लगेच मान टाकते, आणि भाद्रपदात आमच्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून लॅपटॉप होमस्टेच्या इन्व्हर्टरच्या पॉइंटवर लावला होता. लाइट गेलीच मध्ये. आम्ही सगळे वर पंख्याकडे बघितलं आणि परत स्क्रीनकडे, पट्टी पुढे सरकत होती. भाषा मी इंग्रजीच ठेवली. मिंटला मराठी आहे पण भाषांतर अर्धं मुर्धं, आणि फोनवर "फाइल मेनूत जा" सांगायचं असेल तर तिथे "फाइल"च लिहिलेलं बरं.

मराठी टायपिंगची मला सगळ्यात जास्त धास्ती होती, काकीचं काम बिघडलं असतं तर माझं जेवण बिघडलं असतं. पण ती इन्स्क्रिप्ट शिकलेली आहे, आणि इन्स्क्रिप्ट हा सरकारी प्रमाण कीबोर्ड, विंडोज असो की लिनक्स, अक्षरं त्याच जागी. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउटमध्ये मराठी जोडलं, ऑल्ट शिफ्टने बदलायचं, बोटांना काही कळलंच नाही. ज्यांना रोमन उच्चाराप्रमाणे टाइप करायची सवय आहे त्यांच्यासाठी तिथेच मराठी फोनेटिक पण आहे. जुन्या फाइलींचं मात्र वेगळं होतं. गटाची आधीची इतिवृत्तं युनिकोडच्या (सगळ्या मशीनवर अक्षरं सारखीच दिसायची पद्धत) आधीच्या काळातल्या फॉन्टमध्ये केलेली, ती उघडली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची नुसती भेळ. जुन्या डिस्कवरच्या विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधून तो फॉन्ट घेतला, डबल क्लिक करून इन्स्टॉल केला आणि "दिनांक" पासून "आभार" पर्यंत सगळं वाचता यायला लागलं. नवीन काही टाइप करताना मात्र युनिकोडच वापर असं काकीला सांगितलं, ती म्हणाली ते मी कधीपासूनच करते, जुनी सेक्रेटरी करायची नाही.

काकांच्या एक्सेलच्या फाइली लिबरऑफिसमध्ये (वर्ड-एक्सेलच्या जागी चालणारं फुकट सॉफ्टवेअर) नीट उघडल्या. पेट्या, डझन, दर, बेरीज, सगळं जागच्या जागी. कॅलिब्री फॉन्टच्या ऐवजी कार्लिटो येतो, त्याची मापं मुद्दाम तीच ठेवलेली आहेत त्यामुळे रकाने हलत नाहीत. एकच सेटिंग बदललं, सेव्ह करताना फाइल कायम एक्सेलच्याच प्रकारात जावी, नाहीतर सीएचा फोन आला असता की हे काय पाठवलंत. व्हॉट्सॲपसाठी मिंटमध्ये वेब ॲप्स नावाची सोय आहे, कुठलीही साइट वेगळ्या आयकॉनसारखी मेनूत बसते, त्यामुळे काकांना वाटतं व्हॉट्सॲप इन्स्टॉलच केलंय. आणि प्रिंटर! विंडोजवर ज्याच्यासाठी दर थोड्या दिवसांनी ड्रायव्हर काढून परत टाकायला लागायचा तो प्रिंटर केबल लावल्या लावल्या आपला आपण ओळखला गेला, स्कॅनरसकट. ह्याचं श्रेय मला मिळालं, मी पण घेतलं.

काकीला फक्त एकच गोष्ट खटकली. "तां चित्र खंय गेला? माका ताच होया." नातीचा फोटो होता डेस्कटॉपवर. जुन्या डिस्कवरून आणून लावला तेव्हा कुठे नवीन सिस्टीम मंजूर झाली.

आता पुढच्या गणपतीपर्यंतची व्यवस्था, जिच्यासाठी हे सगळं. अपडेट मॅनेजरच्या सेटिंगमध्ये ऑटोमेशनचा भाग आहे तिथे अपडेट आपोआप लावा आणि जुने कर्नल (सिस्टीमचा गाभा) आपोआप काढा, दोन्ही चालू केलं. दुसरं विसरलात तर जुने कर्नल साठत जाऊन डिस्क भरते. मग टाइमशिफ्ट, हे सिस्टीमचे स्नॅपशॉट घेतं, आठवड्याला एक, मागचे तीन ठेवायचे असं लावलं. एखादा अपडेट नडला तर मी फोनवरून काकांना सांगून आधीच्या आठवड्यात नेऊ शकतो, फक्त हे ध्यानात ठेवा की टाइमशिफ्ट आपल्या फाइली जपत नाही, ते फक्त सिस्टीमचं आहे. फाइलींसाठी तीच यूएसबी केसमधली जुनी डिस्क, महिन्यातून एकदा "बुकिंग" आणि "आंबा" हे दोन फोल्डर तिच्यावर ओढायचे. काका हे करतात का? मला शंका आहे. काकी करते. काका मात्र लॅपटॉप बंद करताना अजून नुसतं झाकण मिटतात, आणि मिटून उघडल्यावर कधीकधी स्क्रीन काळीच राहायची, म्हणून झाकण मिटल्यावर काहीच करू नकोस असं सेटिंग करून दिलं. वीज जाते थोडी, पण फोन येत नाहीत.

हे वाचून मी लिनक्सचा प्रचार करतोय असं वाटेल, तर त्याच गणपतीत मी विंडोज ११ पण टाकलं, शेजारच्या काकूंच्या मुलाच्या लॅपटॉपवर. तो रत्नागिरीला सिव्हिल डिप्लोमाला, ऑटोकॅड लागतं, ते लिनक्सवर नाही, विषय संपला. त्याचा लॅपटॉप सातव्या जनरेशनचा आय५, आठ जीबी रॅम, एसएसडी, टीपीएम २.० पण आहे, नुसता यादीत नाही. ह्याला रुफसचा पेनड्राइव्ह, टिक, तासाभरात तयार. आधी फक्त डिस्क एन्क्रिप्ट आहे का बघितलं आणि बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कचं कुलूप) रिकव्हरी की त्याच्या वहीत लिहून घेतली, हे कोणीच करत नाही आणि मग रडतात. त्याला मी बसवून सांगितलं की दरवर्षी नवीन आवृत्ती तुझी तुला चढवायची आहे, पेनड्राइव्ह कसा बनवायचा ते त्याच्याकडूनच करून घेतलं. दिवाळीच्या सुमारास त्याचा मेसेज आला, २५एच२ टाकलं, चालतंय. म्हणजे त्याच्याकडे हात लावणारा माणूस रोज आहे, तो स्वतःच. काकांकडे नाही. एकाच वाडीत, दोन घरं सोडून, दोन वेगळी उत्तरं ती एवढ्यासाठीच.

काकांचा लॅपटॉप तेव्हापासून चालू आहे. मध्ये एकदा फोन आला की आवाज येत नाही, तर पाहुण्यांच्या पोरांनी म्यूटचं बटण दाबलेलं. क्रोम आधी उघडायला लागायचं तेव्हा काका चहा घ्यायला जायचे, आता तेवढा वेळ मिळत नाही म्हणतात, पण ह्यात मिंटपेक्षा एसएसडीचा वाटा मोठा आहे हे कबूल करायला हवं. फिरणारी डिस्क तशीच ठेवून नुसती सिस्टीम बदलली असती तर मी ही पोस्ट एवढ्या उत्साहाने लिहिली नसती. कोणाला दोन्हीपैकी एकच करणं परवडत असेल तर डिस्क बदला, आणि विंडोज १०वर ते वाढीव वर्ष घ्या.

आता वाडीच्या सार्वजनिक सभागृहातला कॉम्प्युटर माझ्या नावावर लागलाय. कोअर टू ड्युओ, दोन जीबी रॅम, चालू आहे हेच आश्चर्य. त्याच्यावर विंडोज ११चं २४एच२ कुठल्याही टिकने चढणार नाही, कारण तिथपासून प्रोसेसरला एसएसई ४.२ आणि पॉपसीएनटी ह्या सूचना याव्या लागतात आणि कोअर टू ड्युओला त्या येत नाहीत, तिथे रुफस काय करणार. मिंट बसेल कदाचित, रॅम मिळाली तर. मिटिंगमध्ये ठरलंय की रॅमचे पैसे मंडळ देईल, बिल मात्र पक्कं आणायचं, लॅमिंग्टन रोडवर ते मिळवणं हे वेगळंच काम आहे.